टिल्लू उतरला का?

दिवाळी सरली की आमच्याकडच्या बाभळींना कापूस लागतो. म्हणजे लागत नाही. गच्च भरलेल्या गाड्या झाडाखालून जातात अन् काटे आपापला वाटा काढून घेतात. परवा यवतमाळहून पांढरकवड्याला माहेरी चालले होते. शेजारी माझी मुलगी सई, वय वर्षं नऊ, एसटीच्या खिडकीला नाक लावून बसलेली. ती म्हणाली, "आई, पाह्य ना, झाडावर ढग अडकले." आणि माझ्या तोंडून विचार न करताच निघून गेलं, "ढग नाही वं, गंजी."

गंजी म्हणजे जिनिंगच्या, सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात रचलेला कापसाचा डोंगर. सईला तो शब्द माहीत नव्हता. मीही कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता; खरं सांगायचं तर मुद्दामच नव्हता उच्चारला. कारण गंजी म्हटलं की टिल्लू आठवायचा, टिल्लू आठवला की नाझनीन, आणि नाझनीन आठवली की माझं डोकं तापायचं. जाताजाता तिनं मला फसवलं, हे मी बावीस वर्षं धरून बसले होते. बावीस वर्षं! एवढ्यात माझं लग्न झालं, नोकरीत तीन शाळा बदलल्या, गुडघा कुरकुरायला लागला. राग मात्र होता तिथंच होता.

मी तशी पहिल्यापासून डूख धरणारी. आई म्हणते, "इचा राग नाकावर नसते वं बाई, पोटात असते. तिथं तो बसून बसून पोसते." आता ऐका, हा कसा पोसला ते.

पांढरकवड्यात आमचं घर केळापूरच्या रस्त्याकडे तोंड करून. बाबा तहसीलमध्ये कारकून. आमच्या भिंतीला भिंत लावून रफीकचाचांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत चाचा, खाला आणि त्यांची एकुलती एक लेक नाझनीन. दोन्ही घरांना मिळून पुढं एकच लांब ओटा. त्यावर आमची हद्द कुठं संपते अन् त्यांची कुठं सुरू होते, हे कोणी कधी ठरवलं नाही. आमचे पापड त्यांच्या दारापुढं वाळायचे, चाचांचे उघडून ठेवलेले रेडिओ आमच्या तुळशीपाशी ऊन खायचे. मी मराठी शाळेत सातवीला, ती उर्दू शाळेत सातवीला. शाळा दोन्ही सकाळच्या, आणि दुपार दोघींची एकत्र.

तिचे मामू कुवेतला गाड्या दुरुस्त करायचे. एका सुट्टीत त्यांनी भाचीसाठी एक गेम आणला. हातात धरायचा राखाडी डबा, चांगला जड, हिरवट पडदा, दोन बटणं आणि अधिकच्या चिन्हाची एक कळ. तिकडच्या कोणा पोरांनी खेळून खेळून कंटाळून विकलेला असावा, कारण बटणांवरची अक्षरं पुसून गेली होती. पाठीत खोचायला कॅसेट एकच. तिच्यावरचं चित्र अर्धं फाटलेलं. उरलेल्या अर्ध्यात एक शेपूट आणि एक कान.

तो कान कोणाचा, यावर आमचं कधीही एकमत झालं नाही. कुठल्यातरी कार्टूनमधला प्राणी होता एवढं नक्की, पण ते कार्टून आम्ही पाहिलं असेल तर शपथ. आमच्या टीव्हीवर एकच चॅनल दिसायचं अन् तेही मुंग्यांसकट. मी म्हणायची खार. नाझनीन म्हणायची मांजर. शेवटी फैसल्यासाठी रफीकचाचांकडे नेला. त्यांनी हातातली सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली, चष्मा कपाळावर चढवला, पडदा डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मुंगूस हाय." मग आम्ही नाद सोडला आणि त्याचं नाव टिल्लू ठेवलं.

गोष्ट मात्र मला ठाऊक होती. शाळेच्या पेटीत परीकथांचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात होती. गरीब पोरगा, आईनं गाय विकायला बाजारात पाठवलेला, वाटेत कोणीतरी भेटतो अन् गाईच्या बदल्यात त्याला मूठभर जादूचं बी देतो. आई रागानं ते बी फेकून देते, रात्रीतून वेल आभाळाला टेकतो, वर राक्षसाचं घर, राक्षसाच्या घरात सोन्याचं अंडं देणारी कोंबडी. पोरगा कोंबडी घेऊन पळतो, खाली येऊन कुऱ्हाडीनं वेल तोडतो, राक्षस धपकन पडतो. गेममध्ये पोराच्या जागी टिल्लू होता, बाकी सगळं तेच. मी ही गोष्ट ओट्यावर बसून नाझनीनला सांगत होते तेव्हा बाबा बाजूला सुपारी कातरत होते. ते न हसता म्हणाले, "गाय देऊन बी घेतलं? हे पोट्टं आपल्याच तालुक्यातलं दिसते."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती कापसाची वाईट वर्षं होती, हे आम्हाला कळण्याचं वय नव्हतं. बियाण्याच्या नव्या नव्या पाकिटांवर नारळाएवढी बोंडं छापलेली असायची, आम्ही ती पाकिटं पुस्तकाला कव्हर म्हणून घालायचो. बाबा पंचनाम्यांना खेड्यांवर जायचे आणि संध्याकाळी परत आले की मोरीत बराच वेळ पाय धूत बसायचे. आई विचारायची, "काय झालं जी?" ते म्हणायचे, "काही नाही, चहा दे." आता मला त्या "काही नाही"चा अर्थ लागतो, आणि बाबांचं ते गाईचं वाक्य आठवून आलेलं हसू अर्ध्यावरच थांबतं.

गेमच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. म्हणून खेळ फक्त उन्हात. हिवाळ्यातलं दोन ते चारचं ऊन आमच्या ओट्यावर तिरपं यायचं, तेवढीच टिल्लूची वेळ. ऊन सरकलं की आम्हीही सरकायचो. तुळशीपासून सुरू व्हायचो अन् दुकानाच्या पायरीवर संपायचो. चार सेल लागायचे, आणि सेल म्हणजे चैन. ते उतरायला लागले की पडदा फिका पडायचा, मग टिल्लूचं भूत दिसायचं. मग सेल काढून छपराच्या टिनावर वाळत घालायचे. आईच्या कुरड्या एकीकडे, आमचे सेल एकीकडे. तासभर तापले की पुन्हा पाच-दहा मिनिटं जीव धरायचे. तेही सरले की दातानं चावायचे. सेल चावून माझ्या एका दाताचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे; दाताच्या डॉक्टरनं विचारलं तर मी सुपारी सांगते.

वेलावरून टिल्लू ढगांत पोचायचा. पडद्यावर ढग म्हणजे पांढरे गोळे, एकावर एक रचलेले. एकावरून उडी मारून दुसऱ्यावर. नाझनीननं पहिल्यांदा पाहिलं आणि ओरडली, "अवं वर्षे, हे तं गंजी होय!" तेव्हापासून ढग हा शब्दच आम्ही सोडला. कारण गंजीवरची उडी आम्हाला पाठ होती. रस्त्यापलीकडे जिनिंग होतं. वेचणीच्या दिवसांत त्याच्या आवारात कापूस दोन माणसं उंच रचलेला असायचा. पहारेकरी जेवायला बसला की आम्ही कुंपणाच्या फटीतून आत शिरायचो आणि वरून खाली अंग टाकून द्यायचो. नाकातोंडात तूस, केसांत सरकी, फ्रॉकभर पांढरं. पहारेकरी भाकरीचा तुकडा हातात घेऊनच धावायचा, "निंघा पोट्टेहो! दबून मरसान अन् मले फाशी देसान!" कापसात पडलं की कानाला काहीच ऐकू येत नाही. तेवढं शांत मला पुढं कधी कुठं वाटलं नाही.

पण त्या वर्षी आवारात गंजी अशी लागलीच नाही. एक बुटका ढीग कोपऱ्यात, त्याच्यावरून उडी काय मारणार? नाझनीन फटीतून पाहून म्हणाली, "यंदा टिल्लूकडंच जास्त हाय." आणि आम्ही ओट्यावर परत आलो.

आता कुलपाचं सांगते, कारण सगळं रामायण त्या कुलपाचं. त्या गेमला खेळ साठवून ठेवता यायचा नाही. एक टप्पा पार केला की पडद्यावर सहा चित्रं एका ओळीत यायची: कोंबडी, किल्ली, पान, चंद्र, अंडं, अशी उलटसुलट. पुढच्या वेळी तीच चित्रं त्याच क्रमानं टाकली की तिथून पुढं दार उघडायचं. चुकली, की राक्षसाचं थोबाड यायचं आणि खी खी खी हसायचं. याला आम्ही कुलूप म्हणायचो. टप्पा सरला की मी ओरडायची, "लिही, लिही, कुलूप लिही!" आणि नाझनीन झराझरा काढायची. तिचा मेंदीचा हात, तीन रेघांत कोंबडी उभी. कुलूप लिहायचं काम तिचं आणि दुसऱ्या दिवशी लावायचं कामही तिचंच. मी फक्त आधी खेळायला मिळावं म्हणून भांडायची.

वही दोघींत एक होती, माझ्या शाळेची. मी माझ्या बाजूनं पुढून त्यात पाळ्या लिहायची: आज कोण कितीदा मेलं, कोणी कोणाचा जीव खाल्ला. नाझनीन तिच्या बाजूनं, मागच्या पुठ्ठ्याकडून सुरू करून कुलपं लिहायची. वहीच्या मध्यावर कधीतरी दोघी भेटू, असं आमचं ठरलेलं होतं.

त्या हिवाळ्यात रफीकचाचांच्या दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. मुकुटबन, झरी, कुठून कुठून लोक आपले टीव्ही-रेडिओ टाकून गेले होते. कापूस विकून येतो अन् नेतो, असं सांगून गेलेले. चाचांनी एकूण एक दुरुस्त केले. प्रत्येकावर गावाच्या अन् माणसाच्या नावाची चिठ्ठी. न्यायला कोणी येईना. फळ्या भरल्या, टेबल भरलं, मग टीव्ही खालाच्या स्वयंपाकघरात कणगीशेजारी जाऊन बसले. खाला एकदा आईला म्हणाली, "बहेन, मेरे घर में बीस टीव्ही हैं और देखने को टाइम नहीं." दोघी हसल्या आणि खाला टीव्हीवरची धूळ पुसायला लागली.

एक दिवस ठरलं की हे लोक हैदराबादला चालले. मामू कुवेत सोडून तिकडं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकत होते. जाण्याआधी पंधरा दिवस चाचा लुनाच्या मागं टीव्ही बांधून गावोगाव फिरले. बाबांनी तहसीलमधून काहींचे पत्ते काढून दिले. बाबा म्हणाले, "रफीकभाई, ठेवा ना माह्या घरी, येतीन ते अन् नेतीन." चाचा म्हणाले, "लोकायची वस्तू दुसऱ्याच्या घरी टाकून मी कसा जाऊ भाऊ? मले तिकडं झोप नाही येनार." एकेक सेट त्यांनी दारात नेऊन दिला. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आणि त्याच पंधरा दिवसांत मी घाण केली. शाळेत सगळ्या पोरींना सांगितलं की गेम माझा आहे. माझ्या मामांनी कुवेतहून आणला. माझे मामा राळेगावच्या पुढं कधी गेले नव्हते! पण बोलले, आणि बोलताना फार छान वाटलं. चार दिवसांत ते फिरून नाझनीनच्या कानावर गेलं. ती ओट्यावर आली, गेम हातात, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "वर्षे, तुये मामा कुवेतले कधी गेलते वं?"

मी तुळशीची पानं तोडत बसले. ती आत निघून गेली. दोन दिवस ऊन ओट्यावर येऊन गेलं, आम्ही आलो नाही.

तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो. खाला आईच्या गळ्यात पडून रडत होती, चाचा दोरी ओढत होते. नाझनीन धावत आली. एक वेणी घातलेली, एक सुटलेली. ओढणीत गुंडाळलेला गेम तिनं माझ्या हातात कोंबला, वर वही.

"घे. अब्बानं नवे सेल टाकले. काल मी एकटीनं त्याले शेवटल्या दरवाजापर्यंत नेलं, तिथंच जुने सेल बसले. कुलूप लिहून ठेवलं. आता तू उघड अन् उतरव त्याले खाली."

"अन् तुले?"

"तुया मामानं आणला ना? मंग तुयाचपाशी राहू दे." ती हसली. ते हसणं चिडवण्याचं होतं की टोचण्याचं, हे कळायच्या आत टेम्पो सुरू झाला आणि ती वळून गेली.

दुपारी दोनला मी उन्हात बसले. वही उघडली. तिच्या बाजूच्या शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, ते सहा चित्रांचं कुलूप: अंडं, चंद्र, पान, पान, किल्ली, कोंबडी. मी एकेक करून लावलं. राक्षस आला आणि हसला. वाटलं, चुकलं काहीतरी. पुन्हा लावलं. खी खी खी. कोंबडी म्हणजे कोंबडीच आहे ना, चंद्र म्हणजे अंडं तर नाही ना, असं म्हणून अदलाबदल केली. खी खी खी. चार वाजले, ऊन पायरीवरून उतरलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की हे तिनं मुद्दाम केलं. मामाचा सूड घेतला. मला गेम देऊन वर हसायची व्यवस्था करून गेली. मी तो राक्षस डब्यासकट आपटायला निघाले होते, बाबांनी हातातून डबा काढून घेतला.

महिना-दीड महिन्यानं तिचं पोस्टकार्ड आलं. उर्दू शाळेत शिकलेलं मराठी, अक्षर गोलगोल, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. हैदराबादेत पाणी कसं येतं, अम्मीला करमत नाही, शाळा मोठी आहे, असं सगळं. शेवटी एक ओळ: "टिल्लू उतरला का?"

वर तोंड करून विचारते! मी कार्ड दोनदा वाचलं आणि दप्तरात कोंबलं. बाबा म्हणाले, "उत्तर लिही ना वं तिले, वाट पाह्यत असन पोरगी." म्हटलं, नाही लिहीत. ईदच्या सुमारास दुसरं आलं. त्यातही तेच शेवटी. त्यालाही मी उत्तर दिलं नाही. मग तिसरं आलं नाही. गेममध्ये सेल तसेच राहिले, पाझरले, हिरवी बुरशी धरली आणि कधीतरी आईनं तो भंगारवाल्याला देऊन टाकला. मी विचारलंही नाही. आता वाटतं, एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? "नाही उतरला, तू खोटारडी आहेस," एवढं जरी लिहिलं असतं तरी गोष्ट आठ दिवसांत मिटली असती. पण नाही. मला गप्प बसून शिक्षा द्यायची होती.

तीन वर्षांपूर्वी तिचा एक चुलतभाऊ पांढरकवड्याच्या बसस्टॅंडवर भेटला. त्यानं आपणहून तिचा नंबर दिला. मी सेव्ह केला आणि ठेवून दिला. हेही माझ्या स्वभावाला धरूनच झालं.

तर परवा. जेवणं झाली, आई लवंडली, बाबा पेपर तोंडावर घेऊन घोरायला लागले. मी भांडी आवरत होते आणि ओट्यावरून एक सूर आला. टिडिंग टिडिंग टिंग. कानाला कळायच्या आधी माझे अंगठे हलले, खरंच सांगते. हात पुसायचेही सुचले नाहीत. बाहेर उन्हात सई तिच्या बाबाचा जुना फोन घेऊन बसलेली.

"काय खेळून राह्यली?"

"जुन्या जमान्यातले गेम हायत आई, कितीतरी. पाह्य, हा कोल्हा कसा वेलावर चढते."

कोल्हा! हे मत अजून आलं नव्हतं. मी तिच्याकडून फोन हिसकलाच. तोच हिरवट पडदा, तेच शेपूट, त्याच गंजी. इतक्या वर्षांत पोट्ट्याचं काही वय झालं नव्हतं. आणि तो जुना राग उठून उभा राहिला. म्हटलं, थांब, आज पुरावाच दाखवते. आतल्या पेटीत जुन्या पुस्तकांखाली ती वही होती. आईनं काही म्हणजे काही टाकलेलं नाही, गेम सोडला तर. शेवटचं पान काढलं, कुलूप लावलं: अंडं, चंद्र, पान, पान, किल्ली, कोंबडी.

खी खी खी.

"पाह्य," मी सईला म्हणाले, "माह्या मैत्रिणीनं मले असं फसवलं होतं."

सईला माझ्या मैत्रिणीत काही रस नव्हता. तिनं वही ओढली, मागचा पुठ्ठा उघडला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आई, ही वही उलटी काहून हाय? इथं शेवटच्या पानावर एक नंबर लिहिला, अन् त्याच्या आधीच्या पानावर दोन."

मी शाळेत शिकवते तशा आवाजात सांगायला लागले, "उलटी नाही बेटा. उर्दू उजवीकडून लिहितात ना, म्हणून तिच्यासाठी ही सुलटीच..."

आणि माझं वाक्य तिथंच थांबलं.

मराठी लिहिताना नाझनीन डावीकडूनच लिहायची, पोस्टकार्डसुद्धा. म्हणून मला कधी शंका आली नाही. पण चित्रांना कुठली आली भाषा? चित्रं काढताना तिचा हात त्याच्या घरच्या वळणानं गेला. उजवीकडून. प्रत्येक कुलूप तिनं उजवीकडून लिहिलं आणि उजवीकडूनच वाचून लावलं. मला कधी लावावंच लागलं नाही, एकदा सोडून. मी उजवीकडून लावायला घेतलं. कोंबडी, किल्ली, पान, पान, चंद्र, अंडं.

राक्षस हसला नाही. दार उघडलं. आत टिल्लू उभा होता, बगलेत कोंबडी, तसाच.

मला खूप लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. सई "खेळ ना, खेळ ना" करत होती. मी माझा फोन काढला, तो नंबर शोधला आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून लगेच लावला.

"हॅलो?" मागे दुकानाचा गलबला.

"नाझनीन? मी वर्षा. पांढरकवड्याची."

तिनं फोन ठेवला तर ठेवू दे, असं मी मनाशी म्हणत होते. मग ती म्हणाली, "उतरला का तो?"

मी म्हटलं, "नाही. मी ते कुलूप डावीकडून लावलं होतं."

"डावीकडून?" ती म्हणाली. "डावीकडून कायले लावलं वं येडे? मी तं सुरुवातीपासून लिहिलं होतं!"

"मले वाटलं, तू फसवलं मले."

"म्हणून चिठ्ठीचं उत्तर नाही दिलं?"

"म्हणून."

"अन् मी समजत होती," ती हळू आवाजात म्हणाली, "का जायच्या वक्ताले मी तुया मामावरून बोलली, त्याचा राग आला तुले. अब्बा आताबी विचारतेत, वर्षा काहून नाही लिहित? मी काय सांगू? माही गलती, असंच सांगत आली."

बावीस वर्षं ती माझी चूक स्वतःच्या नावावर सांगत आली होती. मी म्हटलं, "गलती माही होती वं. मामाची बी, अन् कुलपाची बी." ती म्हणाली, "राहू दे आता. व्हिडिओ लाव. मले पाह्यू दे."

सईनं माझा फोन वहीला टेकवून उभा केला. पडद्यात नाझनीन आली. दुकानावर तीच बसते आता, मागं उघडलेल्या मोबाइलांचा पसारा, चष्मा चाचांसारखाच कपाळावर चढवलेला. मी टिल्लूला घेऊन पळाले. "उजवीकडं! उडी मार! गंजीवर, गंजीवर!" ती हैदराबादच्या दुकानातून ओरडत होती आणि गिऱ्हाईक बहुतेक तिच्याकडे पाहत उभं होतं. वेल आला. टिल्लू सरसर खाली घसरला, शेतात पाय टेकला. उतरला. मागं वरून राक्षसाचे पाय दिसायला लागले आणि पडद्यावर कुऱ्हाड चमकायला लागली.

"आई, कुऱ्हाड! बटण दाब, वेल तोड!" सई नाचायला लागली.

"नको तोडू," नाझनीन म्हणाली.

"अवं, राक्षस उतरून राह्यला ना!" मी म्हटलं.

"उतरू दे त्याले. चहा पाजू."

मी अंगठा उचलला. राक्षस आरामात खाली आला, टिल्लूला चिरडलं आणि खी खी खी हसला. खेळ खलास. सई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "हरली ना तू! जिंकून राह्यली होती, अन् हरली!" आम्ही दोघी हसत होतो, आणि हसता हसता मी कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. नाझनीनला दिसलं.

"रडून कायले राह्यली?" ती म्हणाली. "चढव त्याले पुन्हा. आता कुलूप माहीत हाय."